कोऱ्या चहावर पोसलेले

या पुस्तिकेत ज्या चहाबद्दल लिहिले आहे, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या टपरीवर मिळणारा नव्हे. इथे गंजात पाणी, साखर, पत्ती आणि दूध एकत्र उकळते, वरून ठेचलेले आले पडते आणि उतू जाऊ न देता तीन-चार उकळ्या काढल्या की चहा तयार. गाळणीतला चोथा फेकायचा, गंज विसळायचा, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. आल्यागेल्याला चहा पाजल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, एवढाच काय तो विधी. चीनच्या दक्षिणेकडे मात्र चहाला बसलेल्या माणसांच्या जोडीला आणखी एक जण ताटात बसलेला असतो. कधी तो बेडूक असतो, कधी कासव, कधी डुक्कर, हत्ती, नाहीतर पोट सुटलेला हसरा साधू. मुठीत मावेल एवढा, मातीचा, बिनझिलईचा. यजमान पहिला चहा पाहुण्याला देत नाही. तो या मातीच्या प्राण्याच्या डोक्यावर ओततो.

चिनी लोक या मूर्तींना ‘चाछोंग’ म्हणतात. मराठीत सोयीसाठी ‘चहाचे पाळीव’ म्हणावे, कारण त्यांना खरोखरच पाळतात. रोज पाजतात, पुसतात, मूठभर ऊन दाखवतात, वर्षा-दोन वर्षांत ‘किती चांगला धरलाय रंग’ म्हणून शेजाऱ्याला कौतुकाने दाखवतात. इंटरनेटवरच्या दुकानांमुळे ही मंडळी आता भारतातल्या घरांत पोहोचू लागली आहेत. कोणी हौसेने मागवतो, कोणाला भेट मिळते. पुढे काय करायचे हे मात्र डब्यावर लिहिलेले नसते. मग बेडूक टीव्हीजवळच्या काचेच्या कपाटात जाऊन बसतो आणि आणला त्या दिवशी होता तसाच फिकट, कोरडा राहतो. ही पुस्तिका त्याला कपाटातून बाहेर काढण्यासाठी आहे.

त्यासाठी आधी तिकडचा चहा कसा होतो ते पाहायला हवे. ‘गोंगफू’ पद्धतीच्या चहात किटली जेमतेम वाटीएवढी असते आणि पत्ती मात्र भरपूर. एकाच पत्तीवर गरम पाणी पुन्हा पुन्हा घालून पाच-सात वेळा अर्क काढतात, दर वेळी थोडा थोडा. पहिले पाणी पत्ती धुण्यासाठी आणि ती उलगडावी म्हणून असते. ते पीत नाहीत. भांडीही गरम पाण्याने शेकतात. हे सगळे सांडलेले पाणी खाली जाण्यासाठी फटी ठेवलेले लाकडी किंवा दगडी ताट असते, आपल्या पूजेतल्या ताम्हणासारखे काम करणारे, फक्त खाली पाणी साठवायला जागा असलेले. पहिले पाणी टाकायचेच आहे, मग ते वाया का घालवा? ते ताटातल्या मूर्तीवर जाते. या सगळ्या प्रकाराच्या मुळाशी इतका साधा काटकसरीचा हिशोब आहे, आणि वऱ्हाडातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

चहावाल्यांनी मूर्तीवर काही ओतण्याची एक जुनी नोंद मात्र काटकसरीची नाही, रागाची आहे. आठव्या शतकात चीनमध्ये लू यू नावाचा गृहस्थ होऊन गेला. चहावरचा पहिला मोठा ग्रंथ, ‘चा चिंग’, त्याचा. त्याच्या पश्चात चहाच्या व्यापाऱ्यांनी त्याला देवच करून टाकले. नवव्या शतकातल्या ली झाओ या लेखकाने तांग राज्याच्या इतिहासाला जोड म्हणून लिहिलेल्या टिपणांत एक मजेशीर गोष्ट नोंदवली आहे. गोंगशिएनचे कुंभार लू यूच्या चिनी मातीच्या बाहुल्या करत. चहाची भांडी घाऊक घेणाऱ्याला त्यातली एक वर मिळे. दुकानदार ती दुकानात ठेवत, आणि ज्या दिवशी चहा खपत नसे त्या दिवशी त्या बिचाऱ्या लू यूवर पाणी ओतत. वर फुकट दिलेली वस्तू आणि धंदा बसला की तिलाच जबाबदार धरणे, दोन्ही गोष्टी हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या बाजारात होत्या.

आपल्याकडे हे वाचून कोणाला नवल वाटू नये. पाऊस ताणला की गावकऱ्यांनी महादेवाचा गाभारा पाण्याने भरून टाकावा आणि पिंड बुडवून ठेवावी, हा प्रकार महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी केला आहे. निकालाच्या दिवशी घरोघरी देव पाण्यात असतात ते वेगळेच. देवाला भिजवून कामाला लावायचे, ही युक्ती कोणा एका देशाची नाही. पण तांग काळातल्या त्या बाहुलीत आणि आजच्या चहाच्या पाळीवात एक मोठा फरक आहे. ती बाहुली झिलईदार होती. तिच्यावर कितीही ओतले तरी ते ओघळून जाणार. आजच्या मूर्तीचा सगळा खेळ ती पिते यावर आहे.

आणि ती पिते, कारण तिची माती वेगळी.

शांघायच्या पश्चिमेला, च्यांगसू प्रांतात, यीशिंग नावाचे शहर आहे. त्याच्या दिंगशू या भागात गेली पाचशे वर्षे एकाच प्रकारच्या मातीची किटली घडवली जाते. या मातीला ‘झिशा’ म्हणतात. नावात जांभळा रंग आहे, पण ती तांबडी, पिवळसर आणि हिरवट छटांतही मिळते. तिला माती म्हणायचे ते सवयीने. प्रत्यक्षात ती डोंगरातून काढलेल्या दगडासारखी असते. ढेकळे महिनोन् महिने उघड्यावर ऊन-पावसात टाकून ठेवतात, ती भुसभुशीत झाली की दळतात, चाळतात, पाणी घालून लाकडी मोगरीने बदडतात. त्यात काओलिनच्या जोडीला गारगोटीचे बारीक कण, अभ्रक आणि भरपूर लोह असते. अकराशे-बाराशे अंश सेल्सिअसला भाजल्यावर ती दगडासारखी घट्ट होते, तरी आत सूक्ष्म छिद्रे राहतात. पाणी गळणार नाही इतकी बंद आणि चहाचा रंग आत शिरेल इतकी उघडी, अशी ती मधली अवस्था आहे. यीशिंगच्या कारागिरीची परंपरा मिंग काळातल्या गोंग छुन याच्यापासून सांगतात. तो एका विद्वानाचा नोकर होता आणि एका मठातल्या भिक्षूचे पाहून किटली करायला शिकला, अशी कथा आहे. किटल्यांच्या जोडीने टेबलावर ठेवायच्या शोभेच्या लहान वस्तू आल्या. सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधीवरचा छेन मिंगयुआन हा यातला उस्ताद. त्याने घडवलेले अक्रोड, शेंगदाणे, शिंगाडे आजही संग्रहालयांत आहेत. हातात घेऊन फोडावेत असे हुबेहूब.

घाटंजीच्या परिसरातल्या कुंभाराला या मातीचा हेवा वाटेल. यवतमाळ जिल्ह्याची ओळख असलेली काळी जमीन कापसासाठी सोने आहे, पण चाकावर ती त्रास देते. ओली असताना फुगते, वाळताना आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात त्याच गुणामुळे. तिच्यात रेती, राख, लीद कालवल्याशिवाय भांडे धडपणे वाळत नाही. पोळ्याला मुले वाघाडी नदीच्या नाहीतर नाल्याच्या काठची चिकणमाती आणून बैलजोडी करतात, ती उन्हात वाळवून तशीच पाटावर मांडतात. ज्यांच्या गोठ्यात बैल नाही ते याच मातीच्या जोडीला पूजतात, पुरणपोळीचा घास दाखवतात. तिला भाजलेले नसते. तिच्यावर चहा ओतला तर दुसऱ्या कपाला बैलाचा चिखल होईल.

तरीही चहाच्या पाळीवाचा आपल्याकडचा सर्वांत जवळचा नातलग शोधायचा तर तो पोळ्यातच सापडतो. मातीच्या बैलात तो नाही. दुसऱ्या दिवशीच्या लाकडी नंदीत आहे. श्रावण अमावस्येला खऱ्या बैलांचा पोळा होतो: खांदे तूप-हळदीने शेकलेले, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, तोरणाखाली झडत्यांची, म्हणजे यमक जुळवलेल्या कवनांची, चढाओढ. भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी विदर्भात मुलांचा तान्हा पोळा असतो. हा सण दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी सुरू केला असे नागपुरात सांगतात. चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढत पोरे घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे बक्षिसी, मागतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर माणसाच्या उंचीच्या नंद्यांसाठी प्रसिद्ध आहे. घरातला लहान नंदी मात्र बहुधा आजोबांच्या वेळचा असतो. सागाचा, कानाचा टवका उडालेला, एक चाक मागाहून बसवलेले. वर्षातून एकदा तो माळ्यावरून उतरतो, ओल्या फडक्याने पुसला जातो, गुलाल लागतो, हात लागतात. पाठीवरचा भाग पिढ्यान् पिढ्यांच्या तळव्यांनी इतका गुळगुळीत झालेला असतो की सुताराने तसा करून द्यायचे म्हटले तरी जमणार नाही. अशा नंदीला नवा तैलरंग मारून ‘चमकवण्याची’ हौस अलीकडे वाढली आहे. ती टाळावी. रंगाखाली जे झाकले जाते ते पुन्हा मिळत नाही.

जनावराची लहान मूर्ती करून घरात जपायची ही गोष्ट महाराष्ट्रात किती जुनी आहे, याला पुरावा आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथे सुमारे तीन हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या एका घराच्या जमिनीखाली मातीची पेटी पुरलेली सापडली. तिच्याबरोबर बिनडोक्याची एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता, दोन्ही कच्च्या मातीचे. स्त्रीच्या पोटाला छिद्र, बैलाच्या पाठीला छिद्र. काडी घातली की ती बैलावर बसते. न भाजलेली माती इतकी टिकली, कारण कोणी तिला पाणी लावले नाही. जतनाचा हा एक टोकाचा मार्ग झाला. या पुस्तिकेचा मार्ग नेमका उलट्या दिशेचा आहे.

आता मूळ कामाकडे. चहाच्या पाळीवाची निगा म्हणजे त्याला स्वच्छ ठेवणे असे मराठी घरात पटकन वाटेल, आणि इथेच पहिली गफलत होते. देव्हाऱ्यातले पितळी देव चिंच किंवा पितांबरी लावून घासले की लखलखतात. काळपटपणा हा तिथे आळस समजला जातो. मातीच्या मूर्तीवर चढणारा काळपटपणा हीच तर कमाई असते. चहातली पॉलिफेनॉल द्रव्ये, ज्यांना आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो, हवेशी संयोग पावून तपकिरी होतात आणि छिद्रांत व पृष्ठभागावर अत्यंत पातळ थराने बसतात. रोज थर, रोज फडक्याची पुसणी, असे महिनोन् महिने चालले की कोरडी माती आतून उजळल्यासारखी दिसू लागते. बिडाचा तवा जसा वापरून वापरून तयार होतो आणि एखाद्या नव्या सुनेने राखेने घासून पांढरा केला की सासूचा जीव वरखाली होतो, तसेच इथे आहे. भांड्याचा साबण, डिटर्जंट, तारेची घासणी यांचे इथे काही काम नाही. साबणाचा वास आणि अंश छिद्रांत शिरतो आणि पुढे गरम चहा पडला की वर येतो.

नवी मूर्ती आली की साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने तिची धूळ काढावी. मग ती गार पाण्यात बुडवून मंद आचेवर पाणी तापवावे, थोडी पत्ती टाकावी, आच बंद करून तशीच निवू द्यावी. थेट उकळत्या पाण्यात टाकली तर तडा जाण्याची भीती असते. हे फक्त खऱ्या भाजलेल्या मातीसाठी आहे. हल्ली रेझिनच्या मूर्तींची गर्दी झाली आहे. गरम पाणी पडले की काळ्याच्या सोनेरी होणाऱ्या मूर्ती बहुधा त्याच जातीच्या. त्या गमतीच्या आहेत, मुलांना आवडतात, पण त्या काही पीत नाहीत. त्यांना उकळूही नये. ओळख सोपी आहे. पोटाखालच्या न घासलेल्या भागावर पाण्याचा थेंब सोडावा. माती तो हळूहळू ओढून घेते आणि तिथे गडद डाग उमटतो. रेझिनवर थेंब मोत्यासारखा बसून राहतो. कोऱ्या मूर्तीला आधीच भलतीच चकाकी असेल तर नाक लावून पाहावे. मेणाचा किंवा बूटपॉलिशचा वास आला तर दुकानदाराने वर्षांची कमाई एका दुपारी लावली आहे असे समजावे. यीशिंगच्या जुन्या किटल्यांच्या बाजारात ही लबाडी चांगलीच माहितीची आहे.

पुढची रोजची रीत थोडक्यात अशी: गरम कोरा चहा वरून ओतायचा, ब्रशने कानाकोपऱ्यांत, पायांच्या मध्ये, सुरकुत्यांत सारखा फिरवायचा, निथळू द्यायचा, शेवटी साध्या गरम पाण्याने एकदा धुऊन सुती फडक्याने टिपायचे. ब्रश महत्त्वाचा. नुसते ओतले तर चहा पाठीवरून ठरावीक वाटेने ओघळतो आणि तिथेच पट्टे उमटतात. बेडकाचे डोके गडद आणि पोट पांढरे राहते. चहाच्या डबक्यात मूर्ती बसवून ठेवली तर पाण्याच्या रेषेवर कडे पडते आणि ते कडे जाता जात नाही. एक मूर्ती, एक जातीचा चहा हा जुना नियमही डोळ्यांसाठीच आहे: पू-एर किंवा काळा चहा लवकर आणि लालसर गडद रंग देतो, हिरवा चहा फार सावकाश. आज हा, उद्या तो केले तर काही बिघडत नाही, फक्त रंग एकसारखा येत नाही.

घाटंजीच्या घरात खरा पेच दुधाचा आहे.

आपला चहा मूर्तीवर ओतता येत नाही. दूध आणि साखर मातीच्या छिद्रांत शिरली की पहिल्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी आंबूस वास, आणि आठवड्याभरात हिरवट बुरशी हा क्रम ठरलेला. ‘थोडासाच चहा ओतला’ ही सबब इथे चालत नाही. ओतण्यासारखे जे जे असते ते ते ओतावे असे नाही, हे पंढरपूरनेही शिकवले आहे. विठ्ठलाच्या मूर्तीची, विशेषतः चरणांची, झीज ही जुनी चिंता आहे. भाविकांचे लाखो स्पर्श आणि पंचामृताचे अभिषेक यांच्यापुढे दगडाचेही काही चालले नाही. तज्ज्ञांच्या सल्ल्याने मूर्तीला वज्रलेप करावा लागला, तोही एकदाच नव्हे. जिथे काळा पाषाण दुधा-मधापुढे टिकत नाही तिथे मुठीएवढ्या सच्छिद्र मातीची काय कथा.

उपाय चुलीवरच आहे. गंजात आधी फक्त पाणी आणि पत्ती उकळायची. साखर-दूध पडण्याआधी पळीभर कोरा अर्क वाटीत काढून घ्यायचा, तो मूर्तीचा वाटा. मग बाकीचा चहा नेहमीसारखा होऊ द्यावा. दाणेदार सीटीसी पत्ती आपल्याला स्वस्त आणि कडक म्हणून आवडते. मूर्तीलाही ती मानवते, कारण तिचा अर्क गडद असतो. यीशिंगचे जाणकार नाक मुरडतील, पण दर किलोला सोन्याचा भाव असलेल्या चिनी पत्तीची वाट पाहत मूर्ती कोरडी ठेवण्यापेक्षा किराणा दुकानातली पत्ती बरी. अडचण एकच आहे: आपल्याकडे साखर पाण्याबरोबरच पडते, आणि गंज ठेवणाऱ्या हाताची ही सवय मोडणे बेडकाला पाळण्यापेक्षा अवघड आहे.

दुसरा स्थानिक शत्रू पाणी. यवतमाळ जिल्ह्यातले बोअरचे पाणी जड म्हणून ओळखले जाते. काही गावांत त्यात फ्लोराइडही जास्त आहे आणि त्याचा त्रास दातांनी, हाडांनी भोगला आहे. जड पाण्याने किटलीच्या तळाशी जो पांढरा थर बसतो तोच गडद मूर्तीवर दिसतो, आणि जास्त विद्रूप दिसतो. थर जाड झाला की लिंबू, व्हिनेगर लावायचा मोह होतो. आम्लाने क्षार जातात, सोबत जमलेला चहाचा रंगही उतरू शकतो. त्यापेक्षा मूर्तीसाठी पिण्याचे आरओचे किंवा पावसाचे गाळलेले पाणी वापरणे बरे. पावसाळ्यात तिसरी काळजी. जुलै-ऑगस्टमध्ये घरातली भिंतही ओलसर असते. मूर्ती रात्री ताटात भिजत राहिली तर बुरशी येणारच. आली तर घाबरू नये. गरम पाणी, ब्रश, उघडीप मिळाली की दिवसभर ऊन. फोडणीच्या धुराजवळ ठेवू नये, तेलकट हाताने चोळू नये. चमक यावी म्हणून खोबरेल लावणारे असतात. त्यांच्या मूर्तीवर धूळ चिकटते, आणि चहा त्या तेलकट जागी शिरत नाही.

आता थोडी गंमत. या पाळीवांमध्ये एक मुलगा असतो, उघडाबागडा, मूत्रविसर्जनाच्या अवस्थेत. बाजारात तो सर्वांत जास्त हसवतो आणि शास्त्रज्ञांनाही त्यानेच पकडले. तो पोकळ असतो आणि त्याला एकच बारीक छिद्र असते. गरम पाण्यात बुडवला की आतली हवा फुगून बुडबुड्यांनी बाहेर पडते. लगेच गार पाण्यात टाकला की उरलेली हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. मग डोक्यावर कढत पाणी ओतले की आतली हवा पुन्हा फुगते आणि धार लांब उडते. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचे विन्सेंट ली आणि डॅनियल अ‍ॅटिंगर यांनी २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. पाणी जितके कढत तितकी धार लांब, हे त्यांनी मोजून दाखवले. तापमापक नसलेल्या काळात चहाचे पाणी पुरेसे तापले का हे पाहायला असे खेळणे उपयोगी पडू शकले असते, असेही सुचवले. घाटंजीत मे महिन्यात हा प्रयोग करणाऱ्याला एक सूचना. पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना नळाचे पाणीच कोमट येते. त्यात मुलगा ‘गार’ होत नाही, हवा फारशी आकसत नाही आणि धार लाजून टपकते. माठातले पाणी घ्यावे.

बाकीच्या प्राण्यांचे अर्थ सांगण्यात चिनी दुकानदार फार उत्साही असतात. तीन पायांचा, तोंडात नाणे धरलेला बेडूक धन आणतो. पीशिउ नावाचा पंखवाला सिंहासारखा प्राणी धन खातो आणि त्याला मागची वाट नसल्याने ते बाहेर जात नाही. कासव आयुष्य देते. शेंगदाणा वंश वाढवतो. बेडकाचे तोंड घराच्या आत हवे, दाराकडे नको, म्हणजे कमाई आत येते. गोष्टी म्हणून त्या रंगतदार आहेत आणि मूर्तीच्या आकारांचा उलगडाही त्यांतून होतो. भारतात मात्र त्या ‘फेंगशुई’च्या लेबलाखाली चौपट किमतीला विकल्या जातात, तिथे सावध राहावे. कापसाला भाव मिळावा म्हणून बेडूक घेणाऱ्याला बेडूक मिळेल, भाव मिळणार नाही.

कापसाचा उल्लेख ओघाने आला, पण तो अगदीच परका नाही. चीनच्या चहाचे पैसे चुकते करण्यासाठी इंग्रज व्यापारी हिंदुस्थानचा कापूस आणि अफू कँटनच्या बाजारात उतरवत असत. वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवण्याची सुरुवात १८२५-२६ मध्ये पेस्तनजी आणि विकाजी या पारशी पेढीवाल्यांनी केली. तो पहिला माल बैलांच्या पाठीवरून गेला. पुढे रेल्वे आली, जिनिंग आले. चिनी चहा पिणाऱ्या जगाच्या हिशोबात या काळ्या जमिनीचा भाग असा फार पूर्वीपासून आहे. चहा स्वतः मात्र आपल्या गंजात पोहोचला तो पुष्कळ नंतर, आणि आसामचा होऊन.

या पुस्तिकेतल्या पुढच्या प्रकरणांत मूर्ती निवडणे, ब्रश आणि ताट घरच्या घरी जुळवणे, डाग काढणे आणि तुटलेला अवयव जोडणे यांची सविस्तर माहिती दिली आहे. वाचकाने सुरुवात स्वस्त मूर्तीपासून करावी. साधा आकार, कमी खाचा, रुंद बूड. नक्षीदार ड्रॅगन पहिल्याच फेरीत घेतला तर खवल्याखवल्यांत चहा साचून चिकटा होतो आणि उत्साह तिथेच आटतो. सहा महिने तरी निकालाची घाई करू नये. फोटो काढायचाच तर पहिल्या दिवशी काढून ठेवावा, कारण रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही.

आणि चीनहून मागवण्याआधी जवळच्या कुंभाराशी बोलून पाहावे, ही या प्रस्तावनेची आग्रहाची शिफारस आहे. कुंभाराचा आवा यीशिंगच्या भट्टीइतका तापत नाही, त्यामुळे इथली माती जास्त सच्छिद्र राहते. ती चहा लवकर पिते, लवकर रंगते, थोडी ठिसूळ असते आणि पाझरते. चहाच्या पाळीवासाठी पाझरणे हा दोष नाही, तो काही किटली नव्हे. रेती बारीक चाळून घातलेली, आठवडाभर सावलीत वाळवलेली, नीट भाजलेली बैलांची एक जोडी पोळ्याच्या हंगामात कुंभार सहज करून देईल. त्या दिवसांत त्याचा हात बैलांवर बसलेलाच असतो. भरीव बैल जाड करू नये, आतला ओलावा अडकून तो आव्यात फुटतो. पोकळ करायचा तर वाफ बाहेर पडायला काडीएवढे छिद्र ठेवावेच लागते. ते पोटाखाली ठेवायचे की त्या चिनी मुलासारखे पुढे, याबद्दल घरातल्या पोरांचे मत कुंभाराकडे जाण्याआधीच विचारून ठेवलेले बरे.